डाव्या वळणाची शर्यत

अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा बराचसा भाग तळहातासारखा सपाट आहे. तेथून प्रवास करीत असता दोन्ही बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेते पसरलेली दिसतात. मधूनच धान्याचे एखादे उंच कोठार डोके वर काढते, आणि पुन्हा मका सुरू होतो. अशाच एका लहानशा गावी माझी मुलगी आणि जावई राहतात. २०२३ सालच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे दोन महिने राहिलो होतो.

त्यांच्या शेजारी एका सुताराचे घर आहे. स्वयंपाकघरातील कपाटे, दारे, खिडक्या असे काम ते एकट्याने करतात. वय अठ्ठेचाळीस, अंगाने सडपातळ, बोलणे मोजके. मी चाळीस वर्षे शाळेत शिकविले हे जावयांनी त्यांना सांगितले होते. तेव्हापासून ते मला आपल्या भाषेत ‘मास्तर’ म्हणू लागले. हा गृहस्थ दर शनिवारी सकाळी आपल्या लहानशा मालमोटारीत एक मोटारसायकल चढवून, बारा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून कोठेतरी निघून जाई आणि मध्यरात्रीच्या सुमारास दोघेही धुळीने माखून परत येत. एकदा न राहवून मी विचारले, “शनिवारी आपण जाता तरी कोठे?”

ते हसले आणि म्हणाले, “हरायला. येत्या शनिवारी येता का?”

मी होकार दिला. जावईही बरोबर यावयास तयार झाले.

या शर्यतीला तिकडे ‘फ्लॅट ट्रॅक’ म्हणतात. नाव सपाट मार्गाचे. पण गोष्ट वाटते तितकी सपाट नाही. लंबवर्तुळाकार मातीचा मार्ग, दोन सरळ बाजू, दोन वळणे आणि प्रत्येक वळण डावीकडे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने स्वार फेऱ्या घालतात. मार्ग कोठे पाव मैलाचा, कोठे अर्ध्या मैलाचा, तर कोठे पूर्ण एक मैलाचा, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरचा असतो. यांतील पुष्कळसे मार्ग मुळात घोड्यांसाठी बांधलेले. अमेरिकेत पुष्कळ जिल्ह्यांची आणि राज्यांची शेतकी जत्रा भरते. तेथे गाईबैलांची प्रदर्शने होतात, सर्वांत मोठ्या भोपळ्याला बक्षीस मिळते, आणि घोड्यांच्या शर्यतीही होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकली आल्या, तेव्हा त्यांच्या शर्यतींसाठी लाकडी फळ्यांचे उतरते मार्ग बांधण्यात आले. ते भयंकर ठरले; अनेक स्वार आणि प्रेक्षकही त्यांवर प्राणास मुकले. फळ्यांचे मार्ग बंद पडले आणि मोटारसायकली जत्रेच्या मैदानावर, घोड्यांच्या मातीत उतरल्या.

इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड. तेथील राज्य-जत्रेच्या मैदानावरचा एक मैलाचा मार्ग या खेळात फार मानला जातो. १९५४ साली वेगवेगळ्या ठिकाणच्या अनेक शर्यतींतील गुण एकत्र करून राष्ट्रीय विजेता ठरविण्याची पद्धत सुरू झाली, आणि जो लेनर्ड हा तिचा पहिला विजेता झाला. त्यापूर्वी काही वर्षे स्प्रिंगफील्डची एक शर्यत जो जिंके, तोच वर्षभर एक क्रमांकाची पाटी मिरवीत असे. एका शर्यतीवर सारे वर्ष! त्याच्याही आधी, १९३५ साली, जो पेट्राली नावाच्या स्वाराने मातीवरच्या राष्ट्रीय मालिकेतील तेराही शर्यती जिंकल्या होत्या. आजही मैलाच्या मार्गावर सरळ बाजूला निष्णात स्वार ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेग गाठतात. आणि आता आश्चर्याची गोष्ट ऐका: या गाड्यांना पुढचा ब्रेकच नसतो. १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत तर मागचाही नसे.

ब्रेक नाही, मग वळण घ्यावे कसे? याचे उत्तर तुमच्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. शाळेच्या मैदानावरील बारीक खडीवर सायकल जोरात नेऊन मागचा ब्रेक दाबला, की मागचे चाक सर्रकन बाजूला घसरते आणि सायकल आडवी होते. आपण त्याला घसरणे म्हणतो व गुडघा फोडून घेतो. फ्लॅट ट्रॅकचा स्वार तेच मुद्दाम करतो. वळणाच्या तोंडाशी तो गाडी डावीकडे कलवितो. मागचे चाक पकड सोडून बाहेरच्या अंगाला सरकू लागते. गाडीचे तोंड वळणाच्या आत वळते. वळण डावीकडे असूनही पुढचे चाक त्या क्षणी उजवीकडे वळलेले असते. प्रथम पाहणाऱ्याला आपली नजर चुकली असे वाटते. पण गाडी ज्या दिशेने खरोखर चालली आहे त्याच दिशेला पुढचे चाक रोखलेले असते, म्हणूनच ती उभी राहते. आडवी घसरत असता तिचा वेग आपोआप कमी होतो आणि इंजिनाच्या जोराने मागचे चाक तिला आत ढकलीत राहते. हे सारे उजव्या मुठीतील दांड्याच्या पिळण्यावर अवलंबून असते. जास्त पिळला तर गाडी गरकन फिरून स्वाराला खाली टाकते. आणि घाबरून एकदम सोडला तर? तर त्याहून वाईट. घसरणाऱ्या चाकाला अकस्मात पकड मिळते, गाडी ताडकन सरळ होते आणि स्वार गोफणीतील दगडासारखा वर फेकला जातो. भीती वाटली म्हणून हात सोडावा, तर त्यानेच अपघात होतो, असा हा चमत्कारिक खेळ आहे.

वळणावर डावा पाय जमिनीवर टेकवून घसरत न्यावा लागतो. त्यासाठी डाव्या बुटाखाली पोलादाचा तळ बांधतात. सुतारांनी तो आपल्या हाताने ठोकून बनविला होता. शनिवारी पहाटे त्यांच्या मुलीने तो मला दाखविला. घासून घासून त्याची एक कड सुरीच्या पात्यासारखी पातळ झाली होती.

त्या मुलीविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण वडिलांचे सारे साहाय्य तीच करी. पेट्रोल मोजून ओतणे, साखळीला तेल देणे, गॉगलवर पारदर्शक कागदांचे थर चढविणे, ही तिची कामे. पुढच्या गाडीने उडविलेली माती काचेवर बसली, की धावता धावता वरचा एक थर ओढून टाकायचा आणि खालच्या स्वच्छ थरातून पाहायचे, अशी ती युक्ती आहे. तिच्याजवळ एक निळी वही होती. प्रत्येक शनिवारची तारीख, माती ओली की कोरडी, मागच्या चाकाच्या दातेरी चक्राला दात किती, क्रमांक कितवा, असे सारे तीत नोंदलेले. तीन उन्हाळ्यांची ती वही होती. मी पाने चाळली. शेवटच्या रकान्यात एकाही ठिकाणी ‘अंतिम शर्यत’ हे शब्द नव्हते.

“एकदाही नाही?” मी विचारले.

“दोनदा एका क्रमांकाने राहिलो,” ती म्हणाली. “आज होईल.”

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. पाण्याची गाडी मार्गावर फवारा मारीत फिरत होती आणि तिच्यामागून रूळ चालला होता. मला एकदम कोल्हापूरच्या तालमीतील हौद्याची आठवण झाली. कुस्तीची लाल माती जशी चाळून, तेल, ताक, लिंबू, हळद घालून जपतात, तशीच येथेही मातीची निगा राखतात. ती फार कोरडी झाली तर धूळ उठते, फार ओली झाली तर चिखल होतो. दिवसभर टायर घासून घासून मार्गाच्या आतल्या कडेला एक काळीशार, गुळगुळीत वाट पडते. तेथे पकड चांगली मिळते. बाहेरच्या अंगाला मात्र सुटलेली भुसभुशीत माती साचत जाते. कोणी आतली वाट धरतो, कोणी बाहेरची. पण एकीवरून दुसरीवर अकस्मात जाणे धोक्याचे असते. हे पुढे लक्षात ठेवावयाचे आहे.

दिवसाचा आरंभच वाईट झाला. शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडी तपासतात. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडते. सुतारांच्या गाडीची ही कळ त्या दिवशी काही केल्या चालेना. तपासनिसाने मान हलविली. तासभर तार शोधण्यात गेला. अखेर एक तुटका जोड सापडला. तोवर सरावाच्या दोन फेऱ्यांपैकी पहिली हुकली होती. दुसऱ्या सरावात निराळीच अडचण निघाली. मार्ग अपेक्षेपेक्षा कठीण आणि वेगवान झाला होता. सरळ बाजूच्या मध्यावरच इंजिन किंचाळू लागे आणि गाडी पुढे वेग घेईना. मागच्या दातेरी चक्राला दात जास्त असले, तर गाडी उठते झटकन. पण तिचा वेग लवकर संपतो. दोन दात कमी असलेले चक्र पाहिजे होते, आणि नेमके तेच घरी भिंतीला टांगलेले राहिले होते.

मुलीने वही उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली. चक्रांची पेटी तिनेच भरली होती.

“तू भरलीस, पण मी पाहायला हवे होते,” एवढेच सुतार म्हणाले.

आमच्या शेजारी एक अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील उतरले होते. त्यांची गाडीही त्याच बनावटीची, एका सिलिंडरची, ४५० घनसेंटिमीटरची. वडिलांनी आमची धावपळ पाहिली आणि न मागता हवे ते चक्र आणून दिले. सायंकाळी परत करा, म्हणाले. मी त्यांना धन्यवाद दिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. त्यांना त्यात विशेष काही वाटत नसावे.

हौशी स्वारांच्या अशा मेळाव्यात प्रत्येक गटाच्या दोन प्राथमिक शर्यती होतात. दोन्हींतील क्रमांकांची बेरीज करून वरचे स्वार थेट अंतिम शर्यतीत जातात. राहिलेल्यांसाठी एक ‘शेवटची संधी’ असते आणि तिच्यातून आणखी चौघे घेतात. बक्षीस म्हणाल तर एक लाकडी फळी आणि पितळेची पट्टी. प्रवेशमूल्य, टायर, पेट्रोल यांचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा.

पहिल्या शर्यतीत आठ स्वार एका रेषेत उभे राहिले. दिवा लागला. सुतारांनी क्लच क्षणभर आधी सोडला. मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरून मातीत खड्डा करून राहिले आणि इतर सात जण पहिल्या वळणात शिरले सुद्धा. सहा फेऱ्यांत त्यांनी एकाला मागे टाकले. सातवा क्रमांक. मुलीने तो वहीत लिहिला. मात्र अक्षर नेहमीपेक्षा बारीक होते.

दुसरी शर्यत तीन वाजता झाली. यावेळी सुतार बाणासारखे सुटले. मी कुंपणाजवळ उभा होतो. पहिल्या वळणावर पाचवे, दुसऱ्या फेरीत चौथे, तिसऱ्या फेरीत तिसरे! वळणात त्यांची गाडी अशी शांतपणे आडवी होई, जणू लाकडावरून रंधा फिरतो आहे आणि मागे मातीची भुकटी उडते आहे. त्यांच्यापुढे दुसऱ्या क्रमांकावर तो अठरा वर्षांचा मुलगा होता. आणखी तीन फेऱ्या तशाच पार पडल्या असत्या, तर ‘शेवटच्या संधी’ची गरजच उरली नसती.

चौथ्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, त्या मुलाची गाडी जरा जास्त घसरली. तेवढ्याने काही बिघडले नसते. पण तो घाबरला आणि त्याने हात सोडला. गाडी ताडकन सरळ झाली व तो हवेत उडाला. गाडी उलटीपालटी होत आतल्या बाजूला गेली आणि मुलगा मार्गाच्या मधोमध, काळ्या वाटेवर पालथा पडला.

सुतार त्याच्यामागे दोन गाड्यांच्या अंतरावर होते. पुढचा ब्रेक नाही. आत त्या मुलाची गाडी, समोर तो मुलगा. त्यांनी आपली गाडी उभी केली आणि उजवीकडे, बाहेरच्या भुसभुशीत मातीत घातली. मी डोळे मिटले नाहीत, पण मला सर्व दिसले असेही नाही. धूळ उडाली. एक धप्प असा आवाज झाला. मग लाल निशाण फडकले आणि इंजिने एकामागून एक बंद पडली. तशी शांतता मी त्यापूर्वी त्या मैदानावर ऐकली नव्हती.

धूळ खाली बसली तेव्हा मुलगा उठून बसलेला दिसला. सुतार कडेच्या गवताच्या भाऱ्यांना टेकून उभे होते. शिरस्त्राण काढलेले, डावा हात उजव्या हाताने धरलेला. रुग्णवाहिकेतील परिचारकाने त्यांची बोटे एकेक करून दाबून पाहिली, मनगट वळविले, बर्फाची पिशवी दिली आणि सांगितले, “मोडले आहे असे वाटत नाही. पण क्ष-किरणांनी तपासल्याशिवाय मी काही खात्री देणार नाही. पुढे धावायचे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.”

‘शेवटच्या संधी’ला एक तास होता.

सुतार एका पालथ्या बादलीवर बसले. त्यांची गाडी तशी बचावली होती. हँडल थोडे वाकले होते, पुढची क्रमांकाची पाटी फुटली होती. मुलीने आणि जावयांनी मिळून हँडल सरळ केले. मुलीने पाटीला चिकटपट्टी लावली, गॉगलवर नवे थर चढविले, पेट्रोल भरले. हे सर्व ती न बोलता, झपाट्याने करीत होती आणि मधून मधून वडिलांच्या हाताकडे पाहत होती. मनगट हळूहळू सुजत चालले होते.

थोड्या वेळाने ते उठले आणि गाडीवर बसले. डाव्या हाताने क्लच दाबला. एकदा दाबला गेला. दुसऱ्यांदा अर्ध्यावरच राहिला. मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मला नीट आठवते. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी एक स्क्रू पिळण्याचे साधे हत्यार डाव्या हातात घेतले आणि हवेतच पिळून पाहिले. ते हातातून गळून मातीत पडले. त्यांनी ते उचलले, पुसले आणि पेटीत जागच्या जागी ठेवले.

“आजचे संपले,” ते म्हणाले.

“क्लच तर सुरुवातीला एकदाच लागतो, बाबा!” मुलगी म्हणाली. “पुढे डाव्या हाताला काम काय?”

“धरून राहण्याचे.”

“चारच फेऱ्या आहेत.”

“आणि महिनाअखेरीला सोळा कपाटे द्यायची आहेत. ती कोण करणार?”

मुलगी काही बोलली नाही. ती समंजस होती. पण समंजस माणसालाही दुःख होतेच. ती पाठ फिरवून मालमोटारीच्या चाकाशी जाऊन बसली. नोकरी करणाऱ्याचा हात दुखावला तर रजा मिळते. स्वतःच्या हातांवर पोट असलेल्या कारागिराचा हात दुखावला, तर तो थांबेल तितके दिवस घरातील मिळकत थांबते. आपल्याकडच्या सुताराची जी स्थिती, तीच त्या संपन्न देशातल्या सुताराची.

एवढ्यात त्या मुलाचे वडील आले. त्यांची मान खाली होती. हात कसा आहे, असे त्यांनी विचारले, क्षमा मागितली आणि ते परत फिरले. सुतारांनी मागून विचारले, “तुमच्या गाडीचे काय?”

“मागचे चाक गेले. पार वाकले. आम्ही सामान बांधतो आहोत.”

सुतारांनी आपल्या गाडीकडे पाहिले. मग मुलीला हाक मारून म्हणाले, “मागचे चाक काढ.”

मुलगी जागची हलली नाही. “त्याच्यामुळेच तर...” एवढे बोलून ती थांबली.

मुलांनो, प्रांजळपणे सांगतो, मी त्या मुलीच्या बाजूचा होतो. ज्याने ऐन वळणात हात सोडला, त्याच्यामुळे या माणसाची तीन वर्षांची आशा गेली आणि मनगटही गेले. आता याचेच चाक लावून त्याने धावावे, हे मला रुचले नाही. सुतार मात्र काही थोर कृत्य करीत असल्यासारखे दिसत नव्हते. ते म्हणाले, “अगं, त्याला चक्र त्यांचेच बसविलेले आहे.”

मुलीने पाना उचलला. तो मुलगा येऊन गाडी तोलून उभा राहिला. कपाळाला खरचटले होते, चेहरा पांढराफटक पडला होता. ती त्याच्याकडे एकदाही पाहत नव्हती. चाक निघाले, त्यांच्या गाडीला बसले, साखळी चढली. मुलाने आसाची चाकी आवळली आणि पाना खाली ठेवला. तेव्हा मात्र तिच्याने राहवले नाही. “इतकी सैल?” असे म्हणून तिने पाना हिसकून घेतला आणि पुन्हा दोन वेळा जोर लावून चाकी आवळली.

‘शेवटच्या संधी’त त्या मुलाने पहिल्या दोन फेऱ्या इतक्या जपून घातल्या, की तो सर्वांत मागे पडला. ज्या वळणावर तो पडला होता, तेथे आला की त्याचा हात आखडे. इंजिनाच्या आवाजावरून ते कळत होते. तिसऱ्या फेरीत त्या वळणावर आवाज तुटला नाही. पुढे त्याने एकाला गाठले, मग दुसऱ्याला, आणि अखेरच्या रेषेवर चाकभर अंतराने तो चौथा आला. अंतिम शर्यत विजेच्या दिव्यांच्या उजेडात झाली. ती बारा जणांची होती आणि तो अकरावा आला. मी पाहिले, सुतारांची मुलगी कुंपणाच्या सर्वांत खालच्या आडव्या बांबूवर उभी राहून काहीतरी ओरडत होती. पण इंजिनांच्या गर्जनेत ते कोणासाठी आणि काय, हे कळले नाही.

परतताना मालमोटार जावयांनी चालविली. दोन्ही बाजूंना काळोखात मका सळसळत होता. मी मुलीला विचारले, “मोठी झाल्यावर तू धावशील का?” तिने मला शेना टेक्स्टर या स्वाराची गोष्ट सांगितली. २०११ साली आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल येथे तिने व्यावसायिक गटातील अंतिम शर्यत जिंकली. अमेरिकेच्या या खेळात असा विजय मिळविणारी ती पहिली स्त्री. “ती उंचीने लहान आहे, माझ्यासारखीच,” मुलगी म्हणाली, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वीच तिला झोप लागली.

सोमवारी तपासणी झाली. मनगटाच्या एका लहान हाडाला बारीक चीर गेली होती. प्लास्टर घालावे लागले. सुतार उजव्या हाताने जमेल तेवढे काम करीत. फळी धरावयाची वेळ आली की मुलगी धरी, आणि ती शाळेत असली की मी जाऊन धरी. या वयात मला लाकूड ताशीव कसे असावे याचे थोडे ज्ञान झाले, ते त्यामुळे. कपाटे बारा दिवस उशिरा गेली. गिऱ्हाईक कुरकुरले.

मी निघण्यापूर्वी एकदा त्या निळ्या वहीचे शेवटचे पान पाहिले. तारीख, मार्ग कठीण, चक्र दोन दात कमी, पहिली शर्यत सातवा. दुसऱ्या शर्यतीपुढे आडवी रेघ. आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले होते: ‘अंतिम शर्यत – फक्त मागचे चाक – अकरावे.’

त्या मुलाने चाक आठ दिवसांनी आणून दिले होते. टायर धुतलेला होता, आस पुसून तेल लावलेला होता. दोन दात कमी असलेले ते चक्र मात्र त्याने काढून घेतले नव्हते. ते तसेच चाकाला होते. सुतारांनी ते काढून भिंतीवर, त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या चक्राशेजारी टांगले. मुलीने खडूने खाली त्या मुलाचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, ‘परत देणे’.